नॉइज रॉक: सुरुवात कुठून करू? (मुक्काम मिनियापोलिस)

खर्जातला_सा:
नमस्कार मंडळी. सहा महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त अमेरिकेत मिनियापोलिसला आलो. नॉइज रॉकमधली (म्हणजे मुद्दाम गोंगाटी, कर्कश रॉकमधली) माझी शिदोरी म्हणजे कॉलेजात सांगलीच्या मित्राने भरून दिलेली निर्वाणा या बँडच्या 'इन युटेरो'ची कॅसेट. त्यातली चालीची गाणी सगळेच ऐकायचे. मला मात्र मधली दोन-तीन कानठळ्या बसवणारी आवडायची आणि का, ते सांगता यायचं नाही. परवा ऑफिसात हे बोललो. शेजारचा पन्नाशीचा गृहस्थ एरवी फक्त बर्फ आणि मासेमारी या दोनच विषयांवर बोलतो, तो एकदम उजळला. म्हणाला, तुला जे आवडतं त्याचं इथे एक लेबलच (रेकॉर्डी काढणारी कंपनी) आहे, ॲम्फेटमीन रेप्टाइल. दुसऱ्या दिवशी तिथल्या तीन बँडच्या घरच्या रेकॉर्डी घेऊन आला: हॅमरहेड, काऊज, अनसेन.

एक लावली. बायकोने आतून येऊन आधी डिशवॉशर बंद केला. तरी आवाज जाईना, तेव्हा माझ्याकडे बघितलं.

मला आवडलंय हे नक्की, पण कळलेलं काहीच नाही. कुठून सुरू करू? यात ऐकायचं नेमकं काय असतं? गाणारा काय म्हणतो ते एक अक्षर लागत नाही. हे माझ्या कानाचं वय की तसंच असतं? महिन्याला दोन रेकॉर्डी घेण्याइतकं बजेट मंजूर झालं आहे (हेडफोनच्या अटीवर).

भोंगा_१९७४:
त्या शेजाऱ्याला माझा नमस्कार सांगा. अशी माणसं जपून ठेवायची असतात.

शब्द न कळणं हा तुमच्या कानाचा दोष नाही. गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा मुद्दामच मागे, वाद्यांच्या गर्दीत ठेवलेला असतो. बडा ख्याल ऐकताना बंदिशीचे शब्द लागले नाहीत म्हणून आपण उठून जातो का? तसंच इथे, गळा हे आणखी एक वाद्य समजा. आणि कान बासवर (खर्जाची गिटार) ठेवा. नेहमीच्या रॉकमध्ये गिटार चाल सांगते आणि बास तिच्या मागून चालतो. इथे बरेचदा उलटं असतं. चाल बासकडे, तो आणि ड्रम मिळून घाट चढणाऱ्या ट्रकसारखे रेटत राहतात, आणि गिटार वरून पत्रा खरवडते. एकदा बास सापडला की बाकीचा गोंगाट आपापल्या जागी जाऊन बसतो. मला सापडायला दोन वर्षं लागली, कारण सांगणारं कोणी नव्हतं.

आता लेबलची गोष्ट, कारण ती ऐकण्याला उपयोगी आहे. टॉम हेझलमायर अमेरिकेच्या मरीन दलात होता, नेमणूक वॉशिंग्टन राज्यात. स्वतःच्या हेलो ऑफ फ्लाइज या बँडच्या रेकॉर्डी काढण्यासाठी १९८६ मध्ये, फौजेत असतानाच, त्याने हे लेबल सुरू केलं. सुटल्यावर बाडबिस्तरा घेऊन मिनियापोलिसला. पुढे त्याने फक्त स्वतःला आवडेल तेच काढलं. म्हणून माझा सल्ला असा: एकेका बँडच्या मागे लागू नका, लेबल धरून ऐका. एका माणसाचा कान आहे तो. त्या कानाची खोड ओळखीची झाली की अनोळखी बँडची रेकॉर्डही डोळे मिटून उचलता येते. सात इंची तबकड्यांवर तीन-चार बँड एकत्र अशी त्याची एक मालिका होती, त्यासाठी ती सगळ्यात चांगली. मालिकेचं पूर्ण नाव इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. यादीत 'डोप, गन्स' इथपर्यंत वाचलंत की पुढचं दिसेलच.

क्रम विचाराल तर आधी हेल्मेटची 'स्ट्रॅप इट ऑन' (१९९०). बँड न्यूयॉर्कचा, वादन शिस्तीचं, ड्रम स्वच्छ. नवख्याला धरायला कठडा मिळतो. त्यांना नंतर इंटरस्कोप या मोठ्या कंपनीने उचललं, १९९२ ची 'मीनटाइम' तिथली आहे आणि तीही चांगलीच आहे, पण पहिलीचा खरखरीतपणा तिच्यात नाही. मग तुमच्याकडे आलेली अनसेन. ती 'स्कॅटर्ड, स्मदर्ड अँड कव्हर्ड' (१९९५) असेल तर नाव ऐकून घाबरू नका. वॉफल हाउस नावाच्या हॉटेलसाखळीत बटाट्याचा कीस कसा हवा ते सांगायची ती भाषा आहे. नावात कांदा-चीज असलं तरी कव्हरवर रक्त असतं, ते मात्र घरात पोरं असतील तर उलटं ठेवा.

काऊज सगळ्यात शेवटी. ते तुमच्याच गावचे आणि माझे सगळ्यात लाडके, म्हणूनच शेवटी. गायक शॅनन सेलबर्ग मध्येच बिगुल फुंकतो, तोही धड नाही. पहिल्या दिवशी वाटतं ही माणसं आपली थट्टा करताहेत. तिसऱ्या आठवड्यात वाटतं, हो, करताहेत आणि आपल्याला चालेल. 'कनिंग स्टंट्स' (१९९२) घ्या. हेच नाव मेटॅलिकाने १९९८ मध्ये आपल्या मैफिलीच्या व्हिडिओला दिलं, काऊजनंतर सहा वर्षांनी.

वरणभात_तूप:
कुतूहल म्हणून दोन मिनिटं ऐकलं. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलं होतं तेव्हा हाच आवाज यायचा. तिची रेकॉर्ड काढू का?

भोंगा_१९७४:
काढा की. पाचशेच प्रती काढा, कव्हर स्वतः लिनोलियम कोरून हाताने छापा आणि संपल्या की परत छापू नका. हेझलमायर हल्ली जवळपास हेच करतो. तो लिनोकट चित्रकार झाला आहे, आणि मेल्विन्स या बँडच्या मोजक्या प्रतींच्या रेकॉर्डींना अशी कव्हरं असतात. लोक रांग लावतात. मोटारीचं नाव काय ठेवलंय?

शिकागोचा_वारा:
भोंगाशेठ, आदर आहे, पण पाहुण्याला आधी शेजारच्या गावी न्यायचं होतं. खर्जसा, तुम्ही 'इन युटेरो'वरून आलात ना? मग रस्ता सरळ ती ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीकडे आणि तिथून टच अँड गो या शिकागोच्या लेबलकडे जातो.

आधी एक गंमत. ती तुमची कॅसेट ध्वनिमुद्रित झाली ती कॅनन फॉल्सच्या पॅकिडर्म स्टुडिओत, फेब्रुवारी १९९३. म्हणजे तुमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. अल्बिनीने ठरलेली एक रक्कम घेतली आणि विक्रीतला टक्का नाकारला. काम करणाऱ्याला प्लंबरसारखे कामाचे पैसे मिळावेत, असं त्याने बँडला आधीच पत्राने कळवलं होतं. जगभर किती खपली ती रेकॉर्ड, विचार करा. आमच्या काकांनी अशा तत्त्वापायी आयुष्यात एक बंगला घालवला, त्यामुळे मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

टच अँड गो म्हणजे मिशिगनमधल्या लॅन्सिंगचं एक पंक नियतकालिक, १९७९ चं. १९८१ मध्ये त्याचंच लेबल झालं. नेक्रोस या बँडचा बासवाला कोरी रस्क याने ते हातात घेतलं, डेट्रॉइटमार्गे शिकागोला आणलं. कागदावर करार नाही, हातात हात. खर्च वजा करून उरेल तो नफा निम्मा बँडचा, निम्मा लेबलचा. याचा आवाजाशी काय संबंध, तर पुष्कळ आहे. डोक्यावर उचल नसली की गाणं रेडिओला आवडेल का हा प्रश्न कोणी विचारत नाही. अल्बिनीने १९९३ मध्ये 'द बॅफलर' मासिकात मोठ्या कंपनीच्या कराराचा हिशोब मांडला होता. अडीच लाख प्रती खपूनही बँडमधल्या प्रत्येकाच्या हातात चार हजार डॉलरच्या आसपास. शाळेतल्या नफा-तोट्याच्या गणितासारखा ओळीने मांडला आहे, अवश्य वाचा.

आता ऐकायचं. जीझस लिझर्ड या बँडची 'गोट' (१९९१), बस्स. बास सापडत नाही म्हणालात तर डेव्हिड सिम्सचा बास तुम्हालाच शोधत येतो. आणि डेव्हिड याउ गातो म्हणजे काय करतो, तर तोंडावर उशी दाबलेला माणूस सुटायची धडपड करतो. पटलं तर 'लायर' (१९९२). मागे जायचं असेल तर अल्बिनीचाच जुना बँड, बिग ब्लॅक. त्यात ड्रमवाला नव्हताच, रोलंड कंपनीचं यंत्र होतं, आणि श्रेयनामावलीत त्याचंही नाव 'रोलंड' असंच. गिटारींचा आवाज असा की लोहारआळीतून चाललोय.

२००६ च्या सप्टेंबरात लेबलला पंचवीस वर्षं झाली म्हणून हाइडआउट नावाच्या बारबाहेर तीन दिवस जत्रा होती. मी तेव्हा शिकागोत नवीन, मित्राने ओढून नेलं. बिग ब्लॅक एवढ्या वर्षांनी चार गाण्यांपुरते उभे राहिले. अल्बिनी गिटारचा पट्टा खांद्यावर न घेता कंबरेला बांधायचा, हे मला आधी फोटोतली नक्कल वाटायचं. त्या दिवशी बघितलं. २०२४ च्या मे महिन्यात तो गेला. त्याच्या शेलॅक या बँडची 'टू ऑल ट्रेन्स' त्यानंतर दहा दिवसांनी आली. ती मी अजून एका दमात पूर्ण ऐकलेली नाही.

निऋती:
मध्येच घुसते आहे, माफ करा. पुण्यात आमचं तिघांचं बँड आहे. एक ओळखीचे सद्गृहस्थ छोटं लेबल काढताहेत आणि तेही म्हणतात, कागद कशाला, आपली जबान आहे. वरचं वाचून छान वाटलं. हो म्हणून टाकू?

शिकागोचा_वारा:
निऋतीताई, थांबा! गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहिला. बटहोल सर्फर्स हा टच अँड गोचाच मोठा बँड. पुढे बिनसलं. बँड म्हणाला, आमच्या जुन्या रेकॉर्डी परत द्या. प्रकरण कोर्टात गेलं. लेबलचा युक्तिवाद असा की प्रताधिकार कायद्याप्रमाणे असा परवाना ३५ वर्षं मोडता येत नाही. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने बँडच्या बाजूने निकाल दिला. तोंडी करार होता आणि मुदत ठरलेली नव्हती, त्यामुळे इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे तो केव्हाही मोडता येतो, असं त्यांनी सांगितलं. एवढी वर्षं ज्या हस्तांदोलनाचं कौतुक झालं, त्यानेच लेबलचा हात सोडला. गंमत म्हणजे बिग ब्लॅक १९८७ मध्ये संपला तो गिटारवाला सँटियागो डुरँगो वकिलीच्या शिक्षणाला निघाला म्हणून.

तो कायदा अमेरिकेचा, आपल्याकडे वकिलालाच विचारा. पण एका पानावर चार गोष्टी लिहून घ्याच: मूळ ध्वनिमुद्रण कोणाचं, किती वर्षांसाठी, हिशोब कधी दाखवणार, लेबल बंद पडलं तर काय. सद्गृहस्थ खरंच सद्गृहस्थ असतील तर सही करतील. निम्म्या-निम्म्या वाटणीला मात्र नाही म्हणू नका, ती फार चांगली आहे.

भोंगा_१९७४:
'लेबल बंद पडलं तर काय' हा मुद्दा महत्त्वाचा. २००९ मध्ये टच अँड गोने दुसऱ्या लेबलांचं वितरण थांबवलं, तेव्हा मर्ज, ड्रॅग सिटी, थ्रिल जॉकी अशी कितीतरी घरं त्यांच्यावर अवलंबून होती. जुन्या रेकॉर्डी अजून निघतात, पण तो कारखाना आवरला.

आणि वाऱ्या, भांडण मिटवायचं तर खर्जसांना टोमाहॉक या बँडच्या पहिल्या दोन रेकॉर्डी ऐकव. गिटार जीझस लिझर्डच्या ड्युएन डेनिसनची, बास काऊजच्या केव्हिन रुटमॅनिसचा, ड्रम हेल्मेटच्या जॉन स्टॅनियरचे. तुझ्या लेबलचा एक, माझ्या लेबलचे दोन.

कान_शाबूत:
कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. मी आठ वर्षं ढोलपथकात होतो, बोळे न घालता. उजव्या कानात आता कायमची शिट्टी आहे, रात्री पंखा लावल्याशिवाय झोप लागत नाही. खर्जसा, तुम्ही आज ना उद्या सेव्हन्थ स्ट्रीट एंट्रीला जाणार. फर्स्ट ॲव्हेन्यू या क्लबला चिकटलेली अडीचशे माणसांची खोली आहे ती, १९८० पासूनची. तिथे अँप्लिफायर आणि तुमच्यात हातभराचं अंतर असतं. आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी करणारे इअरप्लग मिळतात, ते घ्या. त्याने बास जात नाही, उलट नीट लागतो. हेडफोनचा आवाजही निम्म्यावर. धन्यवाद.

खर्जातला_सा:
सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांचा वृत्तांत देतो.

लेक स्ट्रीटवर एक्स्ट्रीम नॉइज नावाचं दुकान सापडलं. १९९४ पासून स्वयंसेवकच चालवतात म्हणे. गल्ल्यावरच्या मुलीला 'गोट' आणि 'कनिंग स्टंट्स' मागितल्या तर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मी ऑफिसातून थेट गेलो होतो, गळ्यात ओळखपत्र. 'गोट' होती, काऊज नव्हती, नाव लिहून घेतलं आहे.

बास सापडला. 'गोट'च्या पहिल्याच गाण्यात. भोंगाशेठ, तुमची दोन वर्षं माझी वाचली. शब्द अजूनही कळत नाहीत आणि आता मला ते नकोही आहेत. अनसेन अर्धीच झाली, मध्येच मुलगी खोलीत आली.

रविवारी कॅनन फॉल्सला जाऊन आलो. स्टुडिओच्या आत काही गेलो नाही, नुसते झाडीतल्या रस्त्याने फिरून आलो. गाडीत 'इन युटेरो' लावली होती. बायको म्हणाली, हे त्या दुसऱ्यापेक्षा बरं आहे. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण त्या दुसऱ्यात तो मागे धडधडणारा कोण आहे, तो चांगला वाजवतो.

हेडफोनची अट शिथिल झाली आहे, शनिवारी दुपारी चार ते पाच. या वेळेत काय लावू, तेवढं सांगा. काऊज नको, इतक्यात.