सुप्याचे दंगे : सावकारी तंटा की लढ्याची सुरुवात?

कऱ्हाकाठ : ‘तर्कनिष्ठ’ यांनी काल लिहिले की, 1875 च्या दख्खनच्या दंग्यांना स्वातंत्र्यलढ्यात बसवणे हा मागाहून चढवलेला अभिमान आहे, कुणब्यांना सावकारांच्या वह्या जाळायच्या होत्या, राज्य उलथायचे नव्हते, आणि स्वातंत्र्याचा विचार खेड्यात नेला तो पुण्याच्या शिकलेल्या मंडळींनी. हे वाचून गप्प राहवले नाही.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात जमावाने सावकारांची दुकाने फोडली आणि खते (कर्जरोखे), वह्या जाळल्या, हे खरे. पण ती खते आली कुठून? अमेरिकेतील यादवीच्या काळात (1861–65) कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि नेमक्या त्याच सुमारास सरकारने फेरआकारणी करून सारा (जमिनीवरचा कर) काही ठिकाणी दीडपट, दुपटीपर्यंत नेला. सारा भरायचा रोखीने, ठरल्या हप्त्याला. गावात रोकड असायची ती फक्त सावकाराकडे. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे (खतावरचा दावा तीन वर्षांतच लावता येई) दर तीन वर्षांनी खत नवे करताना थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाई. या खतावर हुकूमनामा देणारे आणि जमिनीवर जप्ती आणणारे न्यायालय सरकारचेच होते. मग तंटा केवळ सावकाराशी कसा?

तर्कनिष्ठ : कारणमीमांसा मान्य आहे, निष्कर्ष नाही. दंगेखोरांचा रोख कचेरीवर वा खजिन्यावर नव्हता. सरकारने चौकशी आयोग नेमला, 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, कर्जापायी होणारी कैद बंद केली. पोटाच्या प्रत्येक रागाला स्वातंत्र्यलढा म्हटले, तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

जुनी वही : माझ्या घराण्याची नगर जिल्ह्यात सावकारी होती, म्हणून लिहिणे भाग आहे. दंग्यांचा मारा मुख्यतः गुजर-मारवाडी सावकारांवर झाला. त्याच गावांतले ब्राह्मण सावकार बहुतेक ठिकाणी सुटले. हा न्यायाचा लढा होता की परक्याला हुसकावण्याचा? आमच्या घरात आजही सांगतात की, दुष्काळात धान्य उधार दिले ते कोणी फेडले नाही, आणि वही जळल्यावर मागायचे तोंडही राहिले नाही. बेण्याला, बैलाला, लग्नाला पैसा कोणी दिला, हेही कधी लिहावे.

माणदेशी : उधारीचे उपकार आम्हांला सांगू नका. आमच्या आजोबांनी कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. फेडीची पावती मागितली, तर ‘वहीत जमा आहे’ एवढेच उत्तर मिळे, आणि वही वाचता येणारा आमच्या वाड्यात एकही माणूस नव्हता. विहिरीकाठची पट्टी त्यातच गेली. त्या विहिरीवर आजी पुढे मजुरीने मोट हाकायला जात असे. ती पट्टी आजही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे.

जुनी वही : म्हणजे प्रत्येक सावकार लुच्चा? आपल्या एका विहिरीवरून अख्ख्या समाजाला आरोपी करणे मला मान्य नाही. माझ्या खापरपणज्यांचे घर ज्यांनी फोडले, त्यांच्यात त्यांचे ऋणको नसलेलेही होते.

माणदेशी : समाजाला नव्हे, व्यवहाराला आरोपी केले आहे. आपले घर फुटले याचे मला वाईट वाटते. पण जमीन आपल्याकडे राहिली आणि आमची गेली, एवढे तरी मान्य करा.

कऱ्हाकाठ : दोघांनाही विनंती, मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘पुण्याने खेड्याला शिकवले’ हे म्हणणे क्रमालाच धरून नाही. 1870 साली स्थापन झालेली पुण्याच्या शिकलेल्या मंडळींची सार्वजनिक सभा दंग्यांच्या आधीपासूनच वाढीव साऱ्याच्या तक्रारी गोळा करत होती; म्हणजे शिकलेली मंडळी शेतकऱ्यांचे ऐकूनच बोलायला लागली होती. दंग्यांपाठोपाठ 1876–78 चा भीषण दुष्काळ आला. वासुदेव बळवंत फडके लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. त्यांनी ही उपासमार पाहिली, रामोश्यांना हाताशी धरले आणि 1879 मध्ये सावकारांवर दरोडे घातले, तेही सरकारविरुद्धच्या बंडाला पैसा उभा करण्यासाठी. दंगा आणि बंड यांत अंतर जेमतेम चार वर्षांचे आहे. फडक्यांचा खटला लढवायला उभे राहिले ते सभेचे गणेश वासुदेव जोशी. 1896–97 च्या दुष्काळात तर सभेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन पीक बुडाले असेल तिथे साऱ्याची सूट हा हक्क आहे, असे सांगत फिरले, आणि सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. केवळ सावकारी तंट्याला सरकार एवढे का घाबरले असते?

तर्कनिष्ठ : फडक्यांपर्यंत दुवा जुळतो, एवढे नाइलाजाने मान्य करतो. मात्र सुप्याच्या बाजारातल्या माणसाला तो दुवा दिसत होता, हे मी अजूनही मानत नाही.

माणदेशी : त्याला दिसला नसेल, त्याच्या नातवंडांना दिसला. 1942 नंतर साताऱ्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे बसवली, आणि तिथे सावकारीचे तंटेही निवाड्याला आले. सरकारी कोर्टाची पायरी न चढता गावाने स्वतः दिलेला निकाल लोकांनी मानला. माझ्या थोरल्या चुलत्यांनी असा एक निवाडा पाहिला होता. सावकाराने सर्वांसमक्ष वही उघडून वाचून दाखवली, आणि व्याजावरचे व्याज तिथेच कापले गेले.

जुनी वही : तिथे वही जाळली नाही, वाचली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि सावकाराचेही म्हणणे ऐकून घेतले गेले असेल तर त्या निवाड्याला माझा विरोध नाही.