विसर्जन मिरवणुकीत पेटती बनेटी : सुरक्षिततेबाबत सल्ला हवा

कार्यवाह
सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे गणेशोत्सव मंडळ आहे. यंदा डीजे न लावता मर्दानी खेळ सादर करावेत असे बैठकीत ठरले असून, गेली दोन वर्षे लाठीकाठी शिकणारी आमची ९ मुले-मुली मिरवणुकीच्या शेवटी बाजारपेठेच्या चौकात पेटती बनेटी (टोकांना कापडाचे गोळे बांधलेली काठी) फिरवणार आहेत. कोरडी बनेटी सगळेच उत्तम फिरवतात. पेटवून मात्र आजवर तिघांनीच, तीही शाळेच्या मोकळ्या मैदानावर, फिरवली आहे. चौक साधारण ४० फूट रुंद आहे. त्यातच एका कडेला स्वागताचा मांडव असतो आणि दुसऱ्या कडेला वडापावच्या गाड्या. रेशनवर रॉकेल मिळेनासे झाल्यामुळे पेट्रोल आणि डिझेल मिसळून वापरा, असे काही जण सुचवत आहेत. दोघा उत्साही मुलांना तोंडातून आगीचा लोळही काढायचा आहे. इंधन, अंतर, कपडे आणि हाताशी ठेवायची साधने यांविषयी ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे. मिरवणुकीच्या परवानगीसाठी पोलिसांकडे अर्ज दिला आहे, पण त्यात आगीचा उल्लेख नाही. तो करावा का?

जुना लाठीवाला
उल्लेख अवश्य करावा, आणि जवळच्या अग्निशमन केंद्रालाही वेळ व जागा लेखी कळवावी.

पेट्रोल पूर्णपणे वगळा. रॉकेलच्या वाफेला पेट घेण्यासाठी साधारण ३८ अंश किंवा त्याहून अधिक तापमान लागते, तर पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते. शिवाय ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते आणि डबा दहा पावलांवर असला तरी तिथवर ज्वाळेला वाट मिळते. डिझेलात थोडेसे पेट्रोल घातले तरी ते मिश्रण या बाबतीत पेट्रोलासारखेच वागते. खुल्या बाजारात पांढरे रॉकेल मिळते, ते महाग पडले तरी तेच घ्यावे.

गोळा जुन्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा करावा आणि लोखंडी तारेने आवळावा. सुतळीने बांधलेला गोळा सुतळी जळताच सुटून प्रेक्षकांत जातो. तापल्याने तारही सैल होते, म्हणून प्रत्येक सरावानंतर आमचे वस्ताद गोळा तीन वेळा जमिनीवर आपटून पाहत आणि जरा हलला तरी पुन्हा बांधायला लावत. गोळा भिजवल्यावर थेंब गळायचे थांबेपर्यंत टांगून ठेवावा, नंतर न पेटवताच गर्दीपासून दूर जोरात फिरवून जास्तीचे रॉकेल झटकावे. हे झटकणे राहिले, तर पहिल्याच फेरीत पेटते थेंब बाहेर उडतात आणि पुढच्या रांगेत नेहमी लहान मुले बसलेली असतात. भिजवण्याचा डबा पत्र्याचा व घट्ट झाकणाचा असावा, आणि भिजवणाऱ्याने काडी ओढू नये. पेटवणारा माणूस वेगळा ठेवावा.

मात्र या सगळ्याहून महत्त्वाचा असतो घोंगडीवाला. खेळणाऱ्या प्रत्येकामागे एक माणूस जाड लोकरीची घोंगडी दोन्ही हातांत धरून उभा हवा, आणि त्याची नजर ज्वाळेवर नव्हे तर खेळणाऱ्याच्या अंगावर हवी. एका वर्षी माझ्या फेट्याच्या शेमल्याने पाठीमागे पेट घेतला होता आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत असल्याने मला ते कळलेच नाही. थोरल्या भावाने घोंगडी टाकून मला खाली पाडले, म्हणून मान तेवढी भाजली. फेटा तयार, नायलॉनमिश्रित कापडाचा होता. तेव्हापासून आमच्याकडे आगीच्या खेळात फेटा बांधत नाहीत, ओला सुती पंचा डोक्याला आवळतात. बाकीचे कपडेही अंगालगतचे आणि निव्वळ सुती असावेत, कारण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो.

आता अंतर. हात आणि बनेटी धरून एका खेळाडूला मध्यापासून ६ फूट लागतात, आणि टोकापासून प्रेक्षक किमान १५ फूट दूर असावेत असे आम्ही पाळतो. म्हणजे एकट्या खेळाडूसाठीच ४२ फुटांचे रिंगण झाले. आपला चौक ४० फुटांचा, त्यात मांडवाचे कापड आणि गाड्यांवरील गॅसच्या टाक्या. माझ्या मते हा खेळ त्या चौकात बसतच नाही. तो शाळेच्या मैदानावरच करावा.

रात्रपाळी
मी जळीत कक्षात परिचारिका आहे. तोंडातून लोळ काढण्याचा विचार त्या दोघांनी सोडून द्यावा, कारण त्याची सुरक्षित रीत मला तरी ठाऊक नाही. ज्वाळा उलटून चेहऱ्यावर येते हे सर्वांना दिसते. पण ठसका लागून रॉकेलचा लहानसा घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते, आणि ताप व धाप अनेकदा काही तासांनंतर सुरू होते. अशा वेळी उलटी मुळीच करवू नये, कारण उलटीबरोबर रॉकेल पुन्हा फुप्फुसात उतरते. सरळ रुग्णालयात न्यावे.

भाजल्यास ती जागा नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. २० मिनिटे फार वाटतात आणि नातेवाईक दोन मिनिटांतच हात काढून घेतात, म्हणून घड्याळ लावावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, कोरफड यांतले काहीही लावू नये. ते खरवडून काढताना होणाऱ्या वेदना आम्ही रोज पाहतो. सूज येण्याआधी अंगठी, कडे, बांगड्या उतरवाव्यात, मात्र कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. मैदानावर पाण्याचा नळ चालू आहे ना, हे आदल्या दिवशीच पाहून घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक कोण लावणार, तेही आधीच ठरवावे.

दूरदेशी
गुलालाचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. मी नोकरीनिमित्त तैवानात राहतो. २७ जून २०१५ रोजी येथे न्यू तैपेईमधील एका जलक्रीडा उद्यानात, तरुणांच्या कार्यक्रमात उधळलेल्या रंगीत मक्याच्या पिठाने हवेतच पेट घेतला. १५ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे ५०० जण जखमी झाले. आपल्याकडील बराचसा गुलालही स्टार्चच्या भुकटीपासूनच बनतो. ढिगाऱ्यात पडलेली भुकटी सहसा भडकत नाही, परंतु तीच हवेत दाट पसरली की प्रत्येक कणाला चोहोबाजूंनी प्राणवायू मिळतो. यंत्राने गुलाल उडवणारी मंडळे आता पुष्कळ झाली आहेत. तुमच्या मागचे मंडळ गुलाल उधळत असताना तुमची बनेटी पेटलेली असेल, तर वरची सारी काळजी व्यर्थ ठरेल. फेस उडवणाऱ्या स्प्रेच्या डब्यांतही बहुधा ज्वालाग्राही वायू असतो.

कार्यवाह
सर्वांचा ऋणी आहे. आज बैठक घेतली. खेळ शाळेच्या मैदानावर, विसर्जनाच्या आदल्या सायंकाळी होईल. गुलाल नाही, पेट्रोल नाही, लोळही नाही. पेटती बनेटी सराव असलेली तिघेच, एकेक करून फिरवतील आणि बाकीची सहा जण कोरडा खेळ करतील. त्या दोघा मुलांची नाराजी आहे, पण त्यांनाच घोंगडीवाले नेमले आहे. घोंगड्या बाजारातून आणल्या तर चालतील का?

जुना लाठीवाला
बाजारातील पुष्कळ घोंगड्यांत आता ॲक्रिलिक असते, म्हणून विकत घेण्याआधी कडेचा एक धागा काढून काडीने जाळून पाहावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. टणक मणी तयार झाला तर ती घोंगडी परत करावी. धनगरवाड्यावरून आणलेली मिळाली तर उत्तम. मुलांना आधी कोरड्या बनेटीवर घोंगडी टाकण्याचा सराव द्यावा: खेळणारा "पेटलं" म्हणताच मागून मानेपासून खाली झाकायचे, त्याला आडवे करायचे आणि लोळवायचे. जमिनीवर रॉकेल सांडून पेटले तर पाणी मारू नये, वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचे अग्निशामक नळकांडे जवळ असावे. आणि हो, त्या दोघांचे मोबाईल खेळ संपेपर्यंत आपल्या खिशात ठेवा.