मदत हवी आहे: तीव्र प्रीएक्लॅम्पसियात (गरोदरपणातल्या धोकादायक उच्च रक्तदाबात) सिझरसाठी स्पायनल (कमरेत सुई घालून भूल) की जनरल (पूर्ण बेशुद्ध करणारी भूल)?

फोंड्याकडच्या लहान रुग्णालयात अशी केस आली तर काय करावं? ३४ आठवडे, बीपी १७०/११०, डोकं दुखतंय, प्लेटलेट ८२ हजार, झटके टाळायला मॅग्नेशियम चालू. बाळाचे ठोके घसरताहेत, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हलवायला वेळ नाही. स्पायनलने बीपी कोसळेल म्हणून सर्जन जनरलचा आग्रह धरतात.

प्रतिसाद १
स्पायनलच द्या, डॉक्टर. ती भीती जुनी आहे. या बायकांचं बीपी स्पायनलनंतर निरोगी गरोदर बाईपेक्षा कमीच पडतं. आधी बीपी उतरवायला लॅबेटालॉल २० मिग्रॅ शिरेतून हळू, उतरलं नाही तर १० मिनिटांनी ४०. बीपी १६०/११०च्या खाली आणा. मग स्पायनलमध्ये भुलीचं ०.५ टक्के हेवी बुपिव्हाकेन २ मिली, त्यात वेदनाशामक फेन्टानिल २० मायक्रोग्रॅम. उजव्या नितंबाखाली पाचर. बीपी पडलंच तर ते चढवायला फेनिलेफ्रिन ५० मायक्रोग्रॅमपासून. आधी लिटरभर सलाईन मात्र चढवू नका. केशिका गळक्या असतात, पाणी थेट फुप्फुसात उतरतं. ताशी ८० मिली पुरे. रक्तस्राव झाला तर तो वेगळा भरून काढा.

प्लेटलेट ८२ हजार, पण रिपोर्ट केव्हाचा? ७० हजारांवर स्थिर असतील तर सुई घालायला हरकत नाही. हेल्प सिंड्रोममध्ये (याच आजाराची गुंतागुंत: रक्तपेशी फुटतात, यकृत बिघडतं, प्लेटलेट घटतात) आकडा झपाट्याने घसरतो, म्हणून सहा तासांच्या आतलाच रिपोर्ट धरा. आकडा घसरत असेल तर मॅग्नेशियमही स्नायूत टोचू नका, रक्त साकळून गाठ येते. शिरेतून ताशी १ ग्रॅम द्या.

प्रश्नकर्ता
आणि जनरल द्यावीच लागली तर?

प्रतिसाद २
प्लेटलेट ५० हजारांखाली, झटक्यांनंतर शुद्ध नाही, किंवा फुप्फुसात पाणी असेल तर द्यावी लागेलच. खरा धोका श्वासनलिकेत नळी घालताना. ब्लेड घशात गेलं की बीपी उसळतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून इंडक्शनआधीच (भुलीचं औषध देण्याआधीच) लॅबेटालॉलचा परिणाम दिसायला हवा. भुलीसाठी केटामिन नको, त्याने बीपी चढतं. घसा सुजलेला असतो: ६ आणि ६.५ची नळी, बुजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक काडी) हाताशी ठेवा. स्नायू शिथिल करायला सक्सामेथोनियम नेहमीच्या डोसात, अ‍ॅट्राक्युरियम कमी. मॅग्नेशियममुळे त्याचा परिणाम लांबतो. पण तेवढ्यासाठी मॅग्नेशियम थांबवू नका. नळी काढतानाही बीपी चढतं, तेव्हाही लॅबेटालॉल भरलेलं असू द्या. गर्भाशय आकसायला मेथर्जिन ट्रेमध्ये ठेवूच नका, त्याने बीपी चढतं; ऑक्सिटोसिन हळूहळू द्या.

नंतर २४ तास मॅग्नेशियम. गुडघ्याचा रिफ्लेक्स आणि श्वास तासातासाला बघा, लघवी मोजा. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली खाटेजवळ हवं. आणि गोमेकॉला फोन टाके घालून झाल्यावर नको, बाई टेबलावर घेण्याआधीच करा, म्हणजे प्लेटलेट आणि आयसीयूची खाट तयार राहील.