मदत हवी आहे: कोल्हापुरात दिवसा नॅव्हटेक्स पकडता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना यंदा रेडिओलहर प्रत्यक्ष पकडून दाखवायचं ठरवलंय. वर्गातल्या काहींचं आजोळ मालवण-देवगडचं. बंदरावर बावटा चढला की होड्या आत येतात हे त्यांना ठाऊक आहे, पण किनाऱ्यापासून दोनशे मैलांवरच्या जहाजाला वादळाची खबर कोण देतं, हा प्रश्न त्यांच्यातल्याच एकीने विचारला. त्यावरून नॅव्हटेक्स डोक्यात आलं, म्हणजे किनाऱ्यावरच्या केंद्रांतून जहाजांना इशारे पाठवणारी रेडिओसेवा.

सगळी केंद्रं एकाच ५१८ किलोहर्ट्झवर बोलतात, म्हणून दर चार तासांत प्रत्येकाला दहा मिनिटांची पाळी. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला ओळखीची अक्षरं असतात. पहिलं केंद्राचं: मुंबईचं जी, वेंगुर्ला पॉइंटचं जे. संदेश इंग्रजी मजकुराच्या रूपात जहाजावर आपोआप उमटतो, कुणी कानाला हेडफोन लावून बसायला नको. दुसरं अक्षर विषयाचं: ए म्हणजे मार्गातले धोके, बी वादळाचे इशारे, डी शोध आणि बचाव, ई रोजचा अंदाज. नको ते विषय बंद करता येतात, पण ए, बी आणि डी बंद करायची सोयच यंत्रात ठेवलेली नाही. मुलांना मला मुख्यतः हेच दाखवायचं आहे. आणि आपल्या भागातल्या मार्गधोक्यांच्या इशाऱ्यांचा समन्वय होतो डेहराडूनहून, जिथे समुद्र नावालाही नाही!

आता अडचण. एसएसबी (सिंगल साइडबँड) रिसीव्हर उसना मिळालाय, गच्चीवर अँटेना म्हणून तार ताणलीय, आवाजातून मजकूर काढायला लॅपटॉपवर फ्लडिजी हे सॉफ्टवेअर. रिसीव्हर ५१७ वर अपर साइडबँडला, मजकूर १००० हर्ट्झवर, म्हणजे मिळून ५१८. वेंगुर्ला सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही नाही. रात्री ११ च्या पाळीला रातकिड्यासारखी किरकिर स्वच्छ ऐकू येते, पण पडद्यावर 'झेडसीझेडसी जे' (झेडसीझेडसी ही संदेश सुरू झाल्याची खूण) एवढं उमटून पुढे निम्म्या फुल्याच. सकाळी ११ आणि दुपारी ३ ला तर नुसती गुणगुण, आणि शाळा तर दिवसाच असते. तार आणखी लांब करू, की पन्हाळ्यावर जाऊन बघू? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:
ताई, मी जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. या लहरी खाऱ्या पाण्यावरून लांब जातात, जमिनीवरून लवकर विरतात. तुमच्या वाटेत सह्याद्री आणि घाटावरची कोरडी जमीन, त्यामुळे दिवसा येतं ते मुळातच क्षीण. रात्री आकाशातून परतलेली लहर त्यात मिसळते, आवाज वाढतो पण तो चढ-उतार करतो. प्रत्येक अक्षर दोनदा पाठवलेलं असतं, दोन्ही वेळा बिघडलं की फुली. रात्री दूरच्या देशातलं दुसरं 'जे' केंद्रही येऊ शकतं, तेव्हा संदेशातले अक्षांश-रेखांश वाचून खात्री करा.

दिवसाची गुणगुण बहुधा घरातलीच आहे. ११ च्या पाळीआधी घराचा मेन स्विच बंद करा, चार्जर काढून लॅपटॉप आणि रिसीव्हर बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर एकेक चालू करून चोर शोधा. तार लांब केलीत तर गोंगाटही वाढेल. त्यापेक्षा फेराइटच्या कांडीवर किंवा चौकटीवर तारेचे वेढे देऊन लूप अँटेना करा. तो फिरवला की एका दिशेचा गोंगाट दबतो. फिल्टर असेल तर ५०० हर्ट्झचा लावा. पन्हाळ्याच्या उंचीचा इथे उपयोग नाही, शहराच्या गोंगाटापासून लांब जाण्याचा आहे. सहल काढणारच असाल तर गगनबावड्याला काढा, तिथून खाली कोकणच.

धागाकर्ती:
मनापासून आभार, दादा. उद्या ११ ला मेन स्विच बंद करून ऐकते. चौकटीचा लूप मुलांकडूनच करून घेईन. ५१८ साठी एक मीटरच्या चौकटीवर साधारण किती वेढे आणि केवढा कपॅसिटर लागेल? जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) माझ्याकडे आहे, तो चालेल का?