मदत हवी आहे: लाळेतली शुगर मोजायची पट्टी बफरमध्ये चालते, खऱ्या लाळेत फसते

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात एमएस्सी करतेय. आमचे बाबा कौलाच्या भट्टीवर कामाला, पायाला भाजलेलं त्यांना कळलंच नाही, जखम महिनाभर भरेना तेव्हा तपासलं तर उपाशीपोटी शुगर २८०. म्हणजे आजार किती वर्षं अंगात होता कुणास ठाऊक. गावात सुई म्हटलं की बायका मागं सरतात बघा, म्हणून प्रोजेक्टला लाळ घेतली.

प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलंय, ते ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि +०.६ व्होल्टला त्याचा करंट मी मोजते. बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, ग्लुकोज वाढेल तसा करंट वाढतो, रेष एकदम सरळ येते. पण लाळ घातली की ग्लुकोज न मिसळताच करंट चढतो, आणि तीच पट्टी परत वापरली की निम्म्यावर येतो. रक्ताच्या मानानं लाळेत ग्लुकोज शंभरेक पटीनं कमी, त्यामुळं एवढ्याशा गोंधळात खरा सिग्नलच बुडतो. दीड महिना झाला, डोकं चालेना. कुणी केलंय का हे काम?

उत्तर: ताई, ०.६ व्होल्टला लाळेतलं युरिक ॲसिड आणि व्हिटॅमिन सी पण ऑक्सिडाइज होतं की, चढलेला करंट बहुतेक त्यांचाच. एन्झाइमच्या जागी नुसतं अल्ब्युमिन (ग्लुकोजवर काही न करणारं साधं प्रथिन) लावून दुसरा इलेक्ट्रोड करा, त्याच लाळेत बुडवा, जेवढा करंट येईल तेवढा वजा करा, हे सगळ्यात आधी. मग इलेक्ट्रोडवर प्रशियन ब्लू (लोखंडाचं एक निळं संयुग) लावून बघा, पेरॉक्साइड शून्य व्होल्टच्या आसपासच पकडता येतं, फक्त पीएच ७ च्या वर गेला की तो थर हळूहळू सुटतो. दुसऱ्यांदा करंट पडतो तो म्युसिन (लाळेतलं चिकट प्रथिन) चिकटल्यामुळं असणार, लाळ सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणीच घ्या आणि पट्टी एकदाच वापरा. नमुना उपाशीपोटी, चूळ भरून थोडा वेळ थांबून, आणि लगेच बर्फात, नाहीतर तोंडातले बॅक्टेरियाच ग्लुकोज खातात. कॅलिब्रेशन (किती करंट म्हणजे किती ग्लुकोज हे ठरवणं) बफरमध्ये नको, त्याच लाळेत थोडं थोडं ग्लुकोज वाढवत करा. आणि गावात कुणाला आकडा सांगू नका हं, आधी रक्ताची एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) होऊ दे.

धागाकर्ती: खूप आभार दादा, अल्ब्युमिनचं उद्याच करते. नॅफिऑन (ऋण भाराचा प्लास्टिकसारखा थर) युरिक ॲसिडला अडवतं म्हणतात, ते एन्झाइमच्या खाली लावू की वर?