लिस्बनचे लष्करी संग्रहालय: बाबांना घेऊन जावे का?

फोंड्याची वाट
नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही पाच दिवस लिस्बनला जात आहोत. माझा धाकटा भाऊ तिथे नोकरीनिमित्त राहतो आणि 74 वर्षांच्या बाबांचा हा पहिलाच परदेशप्रवास आहे. आजोबा 1955 मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पकडले गेले आणि काही महिने गोव्यातल्या आग्वादच्या तुरुंगात होते. पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीज सैनिकांची, गस्त दारावरून जाताना बाबांनी लहानपणी स्वतः पाहिलेली आहे. भावाने लष्करी संग्रहालय सुचवले तेव्हा बाबा म्हणाले, "ज्यांनी आमच्या माणसांना कोंडले, त्यांच्या तोफा पाहायला मी तिकीट काढायचे?" मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच ते किती वाजता उघडते याची चौकशी केली. अर्धा दिवस द्यावा इतके तिथे आहे का, आणि आपल्या दृष्टीने नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डिचोलीकर
अवश्य जा. सांता अपोलोनिया रेल्वे स्थानकासमोरच, सैन्याच्या जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत हे संग्रहालय 1851 पासून आहे. बंदुका, तलवारी, चिलखते यांची दालने मी भरभर पार केली. एका चिलखतानंतर दुसरे चिलखत फारसे वेगळे दिसत नाही. पहिल्या महायुद्धाची दालने मात्र सावकाश पाहावीत. पोर्तुगाल 1916 मध्ये त्या युद्धात ओढला गेला आणि 9 एप्रिल 1918 रोजी फ्लँडर्समधील लिस नदीकाठी त्याच्या सैन्याची वाताहत झाली. त्या सैन्यासोबत आघाडीवर गेलेल्या आद्रियानु सोझ लोपिश या चित्रकाराची चिखलाने आणि थकव्याने भरलेली मोठी चित्रे तिथे आहेत, आणि इतर दालनांतल्या विजयाच्या थाटाशेजारी ती फार प्रामाणिक वाटतात.

आपल्या दृष्टीने पाहायची वस्तू म्हणजे दीवची तोफ. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्यासाठी 1533 मध्ये ओतलेली ही सुमारे सहा मीटर लांबीची तोफ 1538 च्या वेढ्यानंतर पोर्तुगिजांच्या हाती लागली. अठराव्या शतकात राजा जुझे पहिला याच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी ती वितळवण्याचे ठरले होते. तिच्यावरचा अरबी लेख वाचून घेतल्यावर तिचे मोल कळले आणि ती वाचली, असे सांगतात. लुटून नेलेली आपली वस्तू परक्यांच्या अंगणात पाहताना मला राग आला, हे लपवत नाही.

म्हापशाचे मास्तर
राग समजतो, परंतु ते प्रकरण इतके सरळ नाही. हुमायूनच्या स्वारीमुळे अडचणीत सापडलेल्या बहादूरशाहनेच 1535 मध्ये पोर्तुगिजांना दीवमध्ये किल्ला बांधू दिला. 1537 मध्ये त्यांच्याच जहाजावर भेटीला गेला असता झालेल्या झटापटीत तो मारला गेला, आणि पुढच्या वर्षीचा वेढा त्यानंतरचा आहे. त्यामुळे तोफ लुटीची म्हटली, तरी दरवाजा कुणी उघडला हेही सांगायला हवे.

प्रश्नकर्त्यांना माझी वेगळी सूचना आहे. लष्करी संग्रहालयाचा भर जुन्या शतकांवर आणि राज्याच्या पराक्रमावर आहे. आपल्या आजोबांची गोष्ट पाहायची असेल तर ती तुरुंगांकडे आहे. लिस्बनमध्येच, कॅथेड्रलजवळ, आल्जुब हा राजकीय कैद्यांचा जुना तुरुंग 2015 पासून संग्रहालय झाला आहे. त्याहून महत्त्वाचा पेनिशचा समुद्रकाठचा किल्ला, तोही राजकीय कैद्यांचा तुरुंगच होता. तिथे एप्रिल 2024 मध्ये, कैद्यांच्या सुटकेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. 1946 मध्ये मडगावला राम मनोहर लोहियांची सभा झाल्यानंतर पकडलेल्या गोमंतकीय नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन याच किल्ल्यात पाठवले होते, डॉ. राम हेगडे आणि पुरुषोत्तम काकोडकरही तिथे होते. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे तर 1955 मध्ये पकडले गेले ते 1969 मध्ये सुटले, आणि त्यांतली बरीच वर्षे लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात गेली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने कोंडलेले पोर्तुगीजही याच तुरुंगांत होते, ही गोष्ट बाबांना आवर्जून दाखवा. पाखला म्हणजे एकच माणूस नव्हे, हे मला तिथे उभे राहिल्यावर उमगले. पुस्तके आधी बरीच वाचली होती.

मांडवीपार
दोन व्यवहाराच्या गोष्टी. लष्करी संग्रहालय आणि आल्जुब दोन्ही सोमवारी बंद असतात. दोन्हींमधले अंतर चालण्याजोगे आहे, पण वाट आल्फामा या जुन्या वस्तीच्या चढ-उतारांची आहे. गुडघे दुखत असतील तर टॅक्सीच करावी. पेनिशला रेल्वे जात नाही, लिस्बनहून बसने जावे लागते आणि त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा.

फोंड्याची वाट
सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सारे बाबांना वाचून दाखवले. त्यांचे प्रिमेर, म्हणजे प्राथमिक शिक्षण, पोर्तुगीजमधून झालेले असल्यामुळे पाट्या आपणच वाचणार, भावाने मध्ये बोलायचे नाही, असे त्यांनी आताच बजावले आहे. क्रमही त्यांनीच ठरवला: आधी पेनिश, मग तोफ. आजोबांचा तुरुंगातला एकमेव फोटो सोबत न्यायचा की नाही यावर घरात अजून एकमत नाही. पेनिशहून लिस्बनकडे परतीची शेवटची बस किती वाजता सुटते, हे कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.