परदेशात धंदा: उघडायला किती, चालवायला किती? (अनुभव धागा)

माझी भाची दुबईत दुकान टाकतेय. झुणका-भाकर, मिसळ, थालीपीठ अशी छोटी खानावळ. नऊ वर्षं तिथे नोकरी करून तिने पैसे साठवले, आणि आता कमी पडतील म्हणून माझ्या बहिणीने लॉकरमधून पाटल्या काढून आणल्या आहेत. एजंटने एका कागदावर सगळा खर्च लिहून दिलाय. तो कागद आत्ता माझ्या हातात आहे. त्यात सात ओळी आहेत. चालत्या खानावळीचा खर्च सात ओळींत बसतो हे मला पटत नाही.

म्हणून हा धागा. भारताबाहेर ज्यांनी स्वतःचा धंदा उभा केला, चालवला किंवा बंद केला त्यांनी आकड्यांसकट लिहा. देश कुठलाही चालेल. आधी कुणी सांगितला नव्हता असा खर्च कुठून उपटला, ते तर नक्की लिहा. आकडे जुने असतील तर साल घाला. एजंटाचं, बँकेचं, घरमालकाचं नाव मात्र नको.

दुबई, करामा

ताई, आधी त्या कागदावर परवाना कुठला लिहिलाय ते बघा. फ्री झोनचा (वेगळे नियम असलेल्या राखीव व्यापारी पट्ट्याचा) असेल तर पुढे जाऊ नका. सल्लागार, सॉफ्टवेअरवाले, आयात-निर्यातवाले यांना फ्री झोन चालतो. करामा, बर दुबईसारख्या वस्तीत रस्त्यावर खानावळ टाकायची तर मेनलँडचा, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या दुबईचा, परवाना लागतो आणि त्याचा हिशेबच वेगळा आहे.

मी सांगलीचा. २०१८ ला दुकान टाकलं. तेव्हा मेनलँडच्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाच्या नावावर लागायचा. पैसा माझा, राबणं माझं आणि कागदोपत्री मी ४९ टक्क्यांचा. वर त्याला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची, गल्ल्यात काही असो नसो. जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांना ही अट राहिली नाही. भाचीचा हा खर्च वाचला, आणि तो लहान नव्हता.

भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. माझं १,१०,००० दिरहम होतं, चार चेकमध्ये. वडील तेव्हा आले होते. जेवणं झाल्यावर ते कॅलेंडर घेऊन तारखा वाचत होते आणि मी चेकवर लिहीत होतो. चौथ्या चेकला माझा हात थांबला, कारण त्या तारखेला धंदा कसा असेल ते मला दिसतच नव्हतं. त्या वेळी चेक वटला नाही तर फौजदारी व्हायची. जानेवारी २०२२ पासून नुसते पैसे कमी पडले म्हणून तुरुंगाची भीती राहिली नाही, पण वसुली थेट आणि झटपट होते.

आता खरी गोम सांगतो. भाडं करारापासून सुरू होतं आणि गल्ला सगळ्या मंजुऱ्या आल्यावर. माझे मधले पाच महिने गेले. स्वयंपाकघराचा नकाशा महापालिकेकडे, हूडमधली (शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या झाकणातली) आग विझवायची यंत्रणा सिव्हिल डिफेन्स म्हणजे अग्निशमन खात्याकडे, सांडपाण्याला तेलकटपणा अडवणारा ग्रीस ट्रॅप. पण मला बुडवलं डक्टने, म्हणजे धूर वर नेणाऱ्या मोठ्या नळीने. स्वयंपाकघराचा धूर थेट इमारतीच्या गच्चीवर सोडावा लागतो. दुकान दाखवताना भिंतीत डक्टचं तोंड दिसलं होतं, मी खूश झालो. ती डक्ट पहिल्या मजल्यावरच संपत होती. पुढचे मजले चढवायला ३८,००० दिरहम गेले, आणि तोवर दुसरा चेक वटून गेला होता. पहिली मिसळ विकली तेव्हा सहा महिन्यांचं भाडं देऊन झालं होतं.

माणसांचा खर्चही नीट समजून घ्या. व्हिसाचा, वर्क परमिटचा खर्च मालकाचा, तो पगारातून कापता येत नाही. आरोग्य कार्ड, विमा हेही आपलंच. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी द्यावी लागते, पहिली पाच वर्षं दरवर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. मी ते पैसे महिन्याच्या महिन्याला कधी बाजूला काढले नाहीत. २०२३ मध्ये आमचा आचारी पाच वर्षं भरून गावी निघाला. १०५ दिवसांचा पगार त्याच्या हक्काचा होता आणि माझ्याकडे नव्हता. भिशी उचलून दिला. ज्या माणसाच्या हातच्या कटावर माझं दुकान चाललं, त्याला विमानाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबवावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

करांचं थोडक्यात. २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, वर्षाची विक्री ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना नफ्यावरचा करही लागू झाला, ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. उलाढाल ३० लाख दिरहमपर्यंत असेल तर २०२६ अखेरपर्यंत सवलत मागता येते, पण नोंदणी आणि विवरणपत्र चुकत नाही. कर लागणारच नाही म्हणून नोंदणीच न केलेल्या माझ्या शेजाऱ्याला १०,००० दिरहम दंड बसला.

लंडन, हॅरो

मी घरून डबे देते. सुरुवात इतकी स्वस्त होती की मी बेसावध राहिले. कौन्सिलकडे खाद्यव्यवसायाची नोंदणी फुकट, फक्त सुरू करण्याच्या २८ दिवस आधी करायची. तपासनीस येऊन फ्रीजचं तापमान, हात धुण्याची जागा, ॲलर्जीची वही बघून गेला आणि स्वच्छतेचं ५ चं, म्हणजे सर्वांत वरचं, स्टिकर मिळालं. कंपनी काढायला तेव्हा १२ पौंड पडायचे. मे २०२४ मध्ये ते ५० झाले, पुढे आणखी वाढले.

माझं नुकसान व्हॅटने केलं. २०२२ मध्ये मर्यादा ८५,००० पौंड होती (एप्रिल २०२४ पासून ९०,०००). मी एप्रिल ते मार्च असा हिशेब मांडत होते. नियम मात्र मागच्या सलग बारा महिन्यांचा आहे, आणि तो दर महिनाअखेरीला नव्याने बघायचा असतो. गणपती-दिवाळीत डबे वाढले आणि मी रेषा ओलांडली. मला कळलं सात महिन्यांनी. डबा ९ पौंडांचा, गरम जेवणावर २० टक्के, म्हणजे प्रत्येक डब्यातले दीड पौंड सरकारचे होते आणि मी ते कधीच गिऱ्हाइकाकडून घेतले नव्हते. साधारण नऊ हजार पौंड आणि वर दंड, सगळे घरातून. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले होते.

त्यानंतर अकाउंटंटने एक गोष्ट सांगितली ती इथे लिहिते, कारण कुणाच्या तरी कामी येईल. घरपोच दिलेल्या गरम जेवणावर २० टक्के, पण थंड दिलेल्या जेवणावर बहुतेक वेळा शून्य. मी निम्मे डबे थंड करून टाकले: आदल्या रात्री फ्रीजमध्ये, सकाळी पिशवीत, ‘घरी गरम करा’ अशी चिठ्ठी. आधी मला ते जिवावर आलं होतं. आमटी गरमच द्यायची असते असं आईने शिकवलेलं. पण गिऱ्हाइकं टिकली आणि दर वाढवावा लागला नाही.

मदतीला एक बाई आहेत. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षं आणि त्यावरच्यांचा किमान दर तासाला १२.२१ पौंड झाला. त्या पोळ्या लाटतात तेव्हा मी घड्याळ बघत नाही, पण महिनाअखेरीला तोच सर्वांत मोठा आकडा असतो.

न्यू जर्सी

ताईंनी विचारलं तेवढा माझा पसारा मोठा नाही. एच-४ व्हिसावर (तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आले, वर्क परमिट मिळाल्यावर घरून फराळ सुरू केला. न्यू जर्सीत घरी भाजून विकायला ऑक्टोबर २०२१ पर्यंत परवानगीच नव्हती, असं हे शेवटचं राज्य होतं. आता दोन वर्षांचं परमिट १०० डॉलरला मिळतं, अन्नसुरक्षेची परीक्षा द्यावी लागते, आणि वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर विकता येत नाही. दुकानाला माल देता येत नाही, राज्याबाहेर पाठवता येत नाही.

फ्रीज न लागणारंच विकायचं. नानकटाई, भट्टीत भाजलेली शंकरपाळी, शेंगदाण्याची चिक्की, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. सगळे विचारतात पुरणपोळी, आणि तीच नाही. तिच्यासाठी तासावर भाड्याचं परवानाधारक स्वयंपाकघर घ्यावं लागतं, मग एका पोळीचा दर ऐकून लोक गप्प होतात. प्रत्येक डब्यावर लेबल: हे घरच्या, आरोग्य खात्याने न तपासलेल्या स्वयंपाकघरात बनवलंय. पहिलं लेबल चिकटवताना जीव कसनुसा झाला होता. आता वाटतं, खरं तेच लिहिलंय.

पण मला सर्वांत महाग पडलं ते वर्क परमिटचं नूतनीकरण. ते लांबलं आणि पाच महिने मला एकही डबा विकता आला नाही. नेमकी दिवाळी त्यात गेली. पिठं, डबे, तूप आधीच भरून ठेवलेलं. ज्यांचा धंदा व्हिसाच्या तारखेला बांधलेला आहे, त्यांनी सणाचा माल तारीख बघून भरा.

म्युनिक

दोन ओळीच. आम्ही दोघांनी जीएमबीएच, म्हणजे जर्मनीतली प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी, काढली. भांडवल २५,००० युरो, नोंदणीच्या वेळी निम्मे भरावे लागतात, आणि नोटरीशिवाय काही हलत नाही. १ युरोपासून निघणारी यूजी हा तिचाच छोटा प्रकार आहे, पण दरवर्षीच्या नफ्याचा चौथा हिस्सा राखून ठेवायचा आणि भाड्याने जागा देणारे तिचं नाव ऐकून मागे सरतात. नोंदणी झाल्याच्या आठवड्यात सरकारी दिसणारी चार पत्रं आली, ‘नोंदवहीतल्या नोंदीचे काहीशे युरो भरा.’ शिक्का, गरुड, सगळं होतं. आम्ही एक भरलं. ते खोटं होतं. कुणालाही पैसे पाठवण्याआधी आपल्या करसल्लागाराला दाखवा.

पुणे

मी पाठवणाऱ्या बाजूचा. मुलाच्या परदेशातल्या कंपनीत पैसे घातले. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर अशा कामासाठी बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ आयकर) आधीच घेते. विवरणपत्रात वळते होतात, खरं आहे, पण तोवर ते अडकलेले. ३० लाख पाठवताना ४ लाख जास्तीचे हाताशी लागले. आणि परदेशी कंपनीचा मालकी हिस्सा घेताय तर रिझर्व्ह बँकेचा फॉर्म बँकेतर्फे भरून नंबर मिळाल्यावरच पैसे निघतात, पुढे दरवर्षी अहवाल. ताई, पाटल्या मोडून आलेले पैसे कुठल्या वाटेने जाणार आहेत ते आधी ठरवा. भेट म्हणून मुलीला आणि भांडवल म्हणून कंपनीला, यांचे कागद वेगळे.

तोक्यो, निशी-कासाई

मी बंद केलेल्यांपैकी, म्हणून त्याच बाजूने लिहितो.

२०१९ मध्ये आयटीतली नोकरी सोडली आणि स्टेशनपासून सहा मिनिटांवर वडापाव आणि करीचं बारा खुर्च्यांचं दुकान घेतलं. व्हिसासाठी तेव्हा ५० लाख येन भांडवल पुरायचं. ऑक्टोबर २०२५ पासून ते ३ कोटी येन झालंय आणि एक पूर्णवेळ कर्मचारी सक्तीचा. आधीपासून असलेल्यांना तीन वर्षांची मुदत दिली आहे. आज मी सुरूच करू शकलो नसतो.

भाडं महिना २,८०,००० येन, अनामत आठ महिन्यांची. वर ‘रेइकिन’ एक महिन्याचं, ते घरमालकाला द्यायचं आणि विसरायचं. आपल्याकडच्या पागडीची आठवण येते. दलालाचा एक महिना, जामीनदार कंपनीची फी वेगळी. खाऊन जाणाऱ्याला १० टक्के कर, बांधून नेणाऱ्याला ८, म्हणून प्रत्येकाला आधी विचारायचं, इथे की घरी. तोटा झाला तरी कंपनीला वर्षाचा किमान ७०,००० येन स्थानिक कर भरावाच लागतो. हे सगळं मी धरलं होतं.

धरलं नव्हतं ते शेवटचं कलम. जागा सोडताना ती ‘स्केलेटन’ करून द्यायची, म्हणजे उघडं काँक्रीट दिसेपर्यंत सगळं काढायचं. सहा महिने आधी नोटीस, त्या सहा महिन्यांचं भाडं चालू. काउंटर, टाइल्स, गॅसची पाइप, छत, सगळं. टाइल्स मी आणि बायकोने कोल्हापूरहून आणलेल्या निळ्या फुलांच्या होत्या, आम्ही स्वतः बसवलेल्या. मजूर हातोडा मारताना दरवेळी आधी वाकून माफी मागत होता. त्या कामाचे १८ लाख येन झाले. अनामतीतले बहुतेक त्यातच गेले. जे दुकान पाच वर्षं कर्ज न काढता चाललं, त्याने बंद होताना मला कर्ज काढायला लावलं. करारातली ती ओळ जपानी मित्राकडून वाचून घेतली असती तर भाड्यात घासाघीस करण्याऐवजी तिच्यावर केली असती.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भाचीला व्हिडिओ कॉलवर हे सगळं वाचून दाखवलं. एजंटचा परवाना फ्री झोनचाच निघाला. तिने तो थांबवलाय. परवा ती बर दुबईत एक गाळा बघायला जातेय, आधी तिथे ज्यूसचं दुकान होतं. करामाचे दादा, तिने काय बघावं?

दुबई, करामा

ज्यूसच्या दुकानात धूर नसतो, म्हणजे डक्ट नसण्याचीच शक्यता जास्त. वॉचमनला सांगून गच्चीवर जा म्हणावं, आणि वरून खाली मोज म्हणावं. भाडं पहिले तीन महिने माफ करा असं करारात लिहून मागायचं, देतात. मी मागितलंच नव्हतं. शुक्रवारी मला सुट्टी आहे, हवं तर मी बरोबर येतो.